चर्चचे घर करताना: कोलशेत, ठाणे येथील कामाच्या नोंदी

वास्तू: एकाच दालनाचे जुने चर्च. आतून ४० फूट लांब, २४ फूट रुंद. चुन्यातल्या विटांच्या १८ इंची भिंती, वळचणीपाशी १४ फूट उंच, आढे २४ फुटांवर. सागवानी कैच्या (छपराचा भार घेणारे त्रिकोणी सांगाडे) तीन, दहा-दहा फुटांवर. वर मंगलोरी कौले. दार पश्चिमेला, वेदी पूर्वेला. मंडळी मोठ्या जागेत गेली आणि ट्रस्टने जागा विकली. इथे राहते घर करून विकायचे आहे. भूखंड ३१० चौ. मी.

३ ऑक्टोबर २०२३

आधी कागद. चर्चची जागा बहुधा सार्वजनिक न्यासाची असते आणि ती विकायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. आदेश हातात येण्याआधी बयाणा देऊ नये. विश्वस्तांचा ठराव कितीही एकमुखी असला तरी तो आदेशाची जागा घेत नाही.

इथे वेळ गेला तो क्षेत्रफळापायी. न्यासाच्या नोंदवहीच्या उताऱ्यात एक आकडा, मिळकत पत्रिकेवर दुसरा. नोंदवहीतला आकडा जुन्या कुंपणावरून लिहिलेला निघाला. मोजणी करून नोंद दुरुस्त होईपर्यंत सगळे थांबले. दोन्ही उतारे शेजारी ठेवून पाहणे हे पहिल्याच दिवसाचे काम आहे.

आदेशाप्रमाणे खरेदीखतात दोन अटी आल्या: इथे दारूचा किंवा मांसाचा धंदा करायचा नाही, आणि वेदीच्या जागी संडास-मोरी काढायची नाही. दुसऱ्या अटीवर घराचा सगळा नकाशा ठरला. चर्च कॅथलिक असते तर आणखी एक कागद मागावा लागला असता. कॅनन (कॅथलिक चर्चच्या कायद्याचे कलम) १२२२ प्रमाणे चर्च उपासनेतून मोकळे करण्याचा बिशपचा लेखी आदेश लागतो आणि पुढचा वापर 'लौकिक, पण हीन नाही' असा हवा. त्या आदेशानेही वेदीचे पावित्र्य आपोआप संपत नाही (कॅनन १२३८), म्हणून वेदी चर्चच्या मंडळीलाच काढून न्यायला सांगावी.

खाडी जवळ असल्याने सीआरझेडचा (किनारा नियमन क्षेत्राचा) नकाशाही पाहिला. २०१९ च्या अधिसूचनेत खाडीकाठी भरतीरेषेपासून ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांत जे कमी ते धरतात. भूखंड बाहेर आहे. विकास आराखड्यात आरक्षण नाही, निवासी विभाग आहे. वापरबदलाचा नकाशा आर्किटेक्टने महापालिकेत दाखल केला.

९ ऑक्टोबर

पाहणी. ओळंबा सोडल्यावर उत्तरेची भिंत मधल्या कैचीखाली सव्वा इंच बाहेर झुकलेली निघाली. बाकी ठिकाणी अर्ध्या इंचाच्या आत. भिंत एकाच जागी बाहेर जाते तेव्हा दोष बहुतेक पायात नसून वर असतो: तिथल्या कैचीची आडवी तुळई भिंतीला धरून ठेवायचे काम सोडते.

फरशी शहाबादी. प्रत्येक लादी निरखून पाहिली, कोरीव अक्षरे कुठे नाहीत. जमिनीत थडग्याचा दगड निघाला तर काम तिथेच थांबवून मंडळीला आणि पोलिसांना कळवायचे, लादी उचलून पुढे जायचे नाही. भिंतीवरचे दोन संगमरवरी स्मृतिफलक, घंटा, बाप्तिस्म्याचे दगडी पात्र आणि क्रूस मंडळीच्या लोकांनी स्वतः येऊन नेले. फोटोसह यादी केली, पोच घेतली. कोनशिला भिंतीतच आहे आणि राहील.

२३ ऑक्टोबर

पाऊस पूर्ण गेल्यावर कौले उतरवायला घेतली. दोन्ही पाख्यांवरून (छपराच्या उतारांवरून) सारखीच उतरवायची, चार ओळी इकडे की चार ओळी तिकडे. एक पाखी आधी मोकळी केली की कैचीवर एकतर्फी भार येतो. कोरड्या कौलांचेच वजन सात टनांच्या घरात आहे.

छपराचे क्षेत्र साधारण १,८२० चौ. फूट, चौरस मीटरला १५ धरून कौले २,५४० भरली. प्रत्येक कौल बोटाच्या सांध्याने वाजवून घेतले. खणखणीत वाजले ते ठेवायचे, बद्द वाजले ते बाद. सतराशेच्या आसपास टिकली.

नवी कौले मागवताना फसगत झाली. मंगलोरी कौले सगळी एकच दिसतात, पण प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा. नव्याची खाच जुन्याच्या कडेत बसेना, सांध्यात बोट जाईल एवढी फट. मिसळून लावली असती तर पहिल्या पावसात चाळण झाली असती. तोडगा: उत्तरेची, रस्त्याकडची पाखी पूर्ण जुन्या कौलांची. दक्षिणेची पूर्ण नव्यांची. दोन्ही साचे फक्त आढ्यावर भेटतात आणि तिथे कोने (आढे झाकणारी कौले) येतात. रीपांचे (कौले टेकतात त्या आडव्या पट्ट्यांचे) अंतरही दोन्हीकडे वेगळे आले. ते पुस्तकातून घ्यायचे नसते: अकरा कौले जमिनीवर घट्ट सरकवून पहिल्याच्या कडेपासून अकराव्याच्या त्याच कडेपर्यंत मोजायचे, मग तीच ताणून मोजायचे, आणि दोन्हींची सरासरी दहाने भागायची.

जुने कौल १८ रुपये, नवे ३८. जुने भिवंडीकडच्या वखारीत मिळते, पण एकाच साच्याची आठशे-हजार एकत्र मिळणे कठीण.

६ नोव्हेंबर

मधली कैची. उत्तरेकडचे टोक भिंतीत नऊ इंच आत होते आणि ते सगळे कुजलेले. कधीतरी कोणी तरी टोकाभोवती सिमेंट घट्ट भरून 'पक्के' केले होते. लाकूड भिंतीतला ओलावा पिते, सिमेंट तो बाहेर सोडत नाही. बाकीची पाच टोके चुन्यात होती, ती ठणठणीत.

कैची टेकवायला खाली जॅक लावले. शहाबादीखालचा भराव पोकळ होता, त्यामुळे भार घेताच लादी फुटून जॅक खचला आणि कैची उलट पाव इंच खाली आली. मग लाद्या काढून भराव ठोकला, त्यावर दहा इंच रुंदीच्या जुन्या सागवानी फळ्या आडव्या-उभ्या दोन थरांत घातल्या आणि त्यावर जॅक. रोज थोडे थोडे उचलायचे. एका दमात उचलली तर वरच्या सांध्यातल्या खुंट्या तुटतात.

कुजलेला भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापला, त्यापुढे आणखी सहा इंच. जुने सागवान (घनफूट ३,२०० रुपये) तिरक्या लांब जोडाने बसवले, दोन्ही अंगांना १० मिमी लोखंडी पट्ट्या, १६ मिमीचे जस्त चढवलेले चार बोल्ट. टोकाखाली दगडी पाट, त्यावर डांबरी फेल्टचा तुकडा, आणि तिन्ही बाजूंना एक इंच मोकळी हवा. ही हवा महत्त्वाची. गवंडी ती भरायला जातोच, म्हणून उभे राहून पाहावे.

झुकलेली भिंत सरळ करायच्या फंदात पडलो नाही. तुळईने पुन्हा धरली की जागी राहते. काचेच्या पट्ट्या चिकटवून ठेवल्या आहेत, तडकल्या तर कळेल.

वाळवी: औषध आयएस (भारतीय मानक) ६३१३ भाग ३ प्रमाणे. भिंत आणि फरशीच्या सांध्यात दर ३०० मिमीवर १२ मिमीचे छिद्र, प्रत्येकात एक लिटर द्रावण. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के, लिटरला २.१ मिली. लाकडाच्या टोकांना वेगळा हात.

२७ नोव्हेंबर

लोणा, म्हणजे भिंतीतून फुटणारे मीठ. या कामातला सगळ्यात जास्त वेळ इथे गेला.

आतून पाच फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा आणि त्यावर ऑइलपेंट होता. तो टणक होता, मागची वीट मात्र नखाने भुगा होत होती. बाहेर पाहिले तर रस्ता दर वेळी वर चढत गेल्याने अंगणही भरत गेले होते आणि जमीन जोत्याच्या ११ इंच वर. भिंत खालून पाणी ओढते, सिमेंटमुळे ते बाहेर पडत नाही, म्हणून आणखी वर चढते, आणि खाडीच्या मातीतले मीठ सोबत नेते.

एका कंत्राटदाराच्या सल्ल्याने आधी भिंतीत छिद्रे पाडून रसायन सोडले. उत्तरेच्या भिंतीचे दहा फूट झाल्यावर थांबवले. भिंतीचा गाभा विटांच्या तुकड्यांचा आणि पोकळ आहे, त्यामुळे रसायन सलग थर न धरता पोकळीतून वाहून गेले. ४२ हजार रुपये पाण्यात. एकसंध बांधकामात हा उपाय चालत असेल, भरीव गाभा नसलेल्या जुन्या भिंतीत नाही.

जे लागू पडले ते साधे: बाहेरची जमीन जोत्याच्या खाली सहा इंचांपर्यंत उतरवली. भिंतीपासून दोन फुटांवर चर, त्यात जाळीदार पाइप आणि खडी, उतार पूर्वेच्या गटाराकडे. भिंतीला लागून काँक्रीटचा ओटा केला नाही, तिथे सुटी खडी ठेवली, म्हणजे जमीन श्वास घेते.

मग सगळे सिमेंट सहा फुटांपर्यंत उतरवले आणि भिंत नुसती उघडी ठेवली. विटांच्या दरजा इंचभर खरवडून काढल्या. मीठ पांढऱ्या बुरशीसारखे वर येते, ते कोरड्या ब्रशने झाडून गोणीत भरून बाहेर न्यायचे. पाण्याने धुतले की तेच मीठ परत आत जाते.

१५ जानेवारी २०२४

भिंतीवर मीठ येणे कमी झाले. ओलावा मोजायच्या यंत्रावर विसंबू नये, मिठामुळे ते कोरड्या भिंतीतही ओल दाखवते. दोन फूट चौरस प्लास्टिक चारी कडांनी चिकटवून ठेवले, सकाळी आतून दव आहे का ते पाहिले. पश्चिमेची भिंत अजून ओली. तिला आणखी वेळ.

बाकी भिंतींवर आधी बळीचा गिलावा: चुना कमी, रेती जास्त, १:४, मुद्दाम सच्छिद्र. उरलेले मीठ तो ओढून घेतो. मार्चमध्ये तो खरवडून फेकायचा आहे. गवंड्यांना हे पटवणे जड गेले. केलेले काम पुन्हा पाडायचे म्हटले की कोणाचाही हात अडखळतो.

चुना: कळीचा चुना आणून हौदात विझवला, जाळीतून गाळला आणि पाण्याखाली ठेवला. पाणी टँकरचे. बोअरचे पाणी मचूळ आहे, त्यात विझवला असता तर भिंतीतून काढलेले मीठ गिलाव्यातून परत दिले असते. रेती क्रश सँड. पहिला नमुना केसाएवढ्या भेगांनी भरला, कारण तिच्यात दगडाची धूळ फार असते. चाळून आणि दोनदा धुऊन घेतल्यावर भेगा गेल्या.

१९ फेब्रुवारी

पोटमाळा. मूळ नकाशात तो पश्चिमेच्या दारावर १४ फूट खोल होता. तळ नऊ फुटांवर, कैचीची तुळई चौदा फुटांवर, म्हणजे पहिल्या कैचीखाली डोक्यावर पाच फूट. सुताराने तुळई कापून वर उचलायचा उपाय सुचवला. असे कुठल्याही जुन्या छपराखाली करू नये: ती तुळई गेली की पाख्यांचा भार दोन्ही भिंती बाहेर ढकलतो. उत्तरेच्या भिंतीने काय होते ते दाखवलेच आहे.

पोटमाळा दहा फुटांचाच केला, पहिल्या कैचीच्या मागे. क्षेत्र २४० चौ. फूट. कैचीच्या ओळीत चार फुटी कठडा, त्यावर फूटभर मोकळे, मग तुळई. तुळईच्या मागे उभे राहायला भरपूर उंची मिळते.

सांगाडा भिंतीवर टेकवलेला नाही. आयएसएमबी २०० च्या (२०० मिमी उंचीच्या लोखंडी) तुळया, मध्ये खांबांची एक ओळ, कुठलाही गाळा बारा फुटांहून मोठा नाही. खांबांना स्वतंत्र पाया. भिंत आणि सांगाडा यांत २० मिमी फट, वर लाकडी पट्टी फक्त एका बाजूला ठोकलेली. चुन्याची भिंत वर्षभर किंचित हलते, लोखंड तिच्याबरोबर हलत नाही.

स्वयंपाकघर आणि मोरी पोटमाळ्याखाली, उत्तरेला. सांडपाणी पूर्वेच्या चेंबरपर्यंत ५० फूट न्यायचे: ११० मिमी पाइपला १:६० उतार, म्हणजे दहा इंच. प्लंबरने लांबी पाहून उतार कमी ठेवला होता, कारण खोल खणायला नको. पाण्याची बादली ओतून पाहिली तेव्हा कागद मध्येच अडकले. पाइपलाइन उकरून पुन्हा टाकली. वेदीचा चौथरा, दोन पायऱ्या, तसाच आहे. तिथे जेवणाची जागा.

११ मार्च

खिडक्या. टोकदार कमानीच्या सहा, प्रत्येकी साधारण १८ चौ. फूट, मिळून १०८. राष्ट्रीय इमारत संहितेत दमट उष्ण हवामानाला उघडता येणारे क्षेत्र फरशीच्या एकषष्ठांश धरतात. राहत्या ११०० चौ. फुटांना १८३ लागतात. चर्चमध्ये लोक तासभर बसतात, म्हणून काचा बंद असल्या तरी चालून जाते. घरात चालत नाही.

जुन्या चौकटी ठेवल्या, रंगीत काचांचे तावदान बिजागरीवर उघडते केले. दक्षिणेला ४ बाय ७ फुटांची दोन काचेची दारे नवी काढली, ५६ चौ. फूट. ती कैच्यांच्या मधोमध, कैचीच्या टेकूखाली कधीच नाही. आधी वर तुळई बसवली, मग खालची भिंत उतरवली. उरलेले वीस पूर्वेच्या त्रिकोणी भिंतीत, झडपांच्या जाळीने. ती गरम हवा आढ्यापाशी पकडते, त्यामुळे क्षेत्राच्या मानाने तिचा उपयोग जास्त.

फुटलेल्या रंगीत काचांची छटा बाजारात मिळाली नाही. पश्चिमेच्या गोल खिडकीतल्या चांगल्या काचा काढून खाली लावल्या आणि गोल खिडकी साध्या काचेची केली.

वायरिंग भिंतीत खोदून नेलेले नाही. जुन्या चुन्याच्या भिंतीत कापणीचे यंत्र घातले की विटाच सुटतात. पाइप कैचीच्या अंगाने आणि उभ्या लाकडी पट्ट्यांमागून.

८ एप्रिल

छपराखालचे अस्तर. पहिल्यांदा चकचकीत फॉइल वाशांवर पसरून थेट त्यावर रीपा ठोकल्या होत्या. होजने पाणी मारल्यावर कौलांतून झिरपलेले पाणी प्रत्येक रीपेमागे तुंबले. दक्षिणेची पाखी उलगडावी लागली. फॉइलवर आधी वाशांच्या रेषेत इंचभर जाडीच्या उभ्या पट्ट्या, त्यावर आडव्या रीपा. पाणी रीपांखालून वळचणीपर्यंत वाहते, हवाही त्याच फटीतून फिरते. यात मजुरी दुप्पट गेली.

घुमणे. रिकाम्या दालनात टाळी साडेतीन सेकंद घुमत होती. घरात पाऊण-एक सेकंदाच्या आत हवी, नाहीतर मिक्सर चालू असताना माणसाचे बोलणे कळत नाही. गालिचे, पडदे टाकून पाहिले, फरक नगण्य. आकारमान ५१६ घनमीटर. सेबिनचे सूत्र (घुमण्याचे सेकंद म्हणजे ०.१६१ गुणिले आकारमान, भागिले आवाजाचे शोषण) लावले तर शोषण २४ वरून १०४ पर्यंत न्यायला हवे. एवढी मोकळी जागा फक्त छताच्या आतल्या पाख्यांवर, ११६ चौ. मी. वाशांमध्ये ५० मिमी रॉकवूल, खाली काळे कापड, त्याखाली फटी ठेवून सागाच्या पट्ट्या. टाळी आता सेकंदाच्या आत विरते. उष्णताही याच थराने अडते. खर्च ४ लाख १० हजार.

२० मे

पश्चिमेची भिंत शेवटी कोरडी. बळीचा गिलावा बाकी भिंतींवरून खरवडून झाला, आता खरा गिलावा: चुना एक, रेती अडीच, तीन हात, प्रत्येक १० ते १२ मिमी. मागचा हात खिळ्याने ओरखडा न उमटण्याइतका घट्ट झाल्यावर पुढचा. पाणी मारायचे नाही, ओली तरटे लटकवायची. वर चुन्याचीच सफेदी. प्लास्टिक इमल्शन लावले की सिमेंटचीच गत. आतला गिलावा चौ. फुटाला १४० रुपये पडला, सिमेंटच्या दुपटीहून जास्त.

पश्चिमेला फक्त पहिला हात झाला. पावसात चुना धरत नाही. आतून-बाहेरून ताडपत्री बांधून तशीच ठेवली.

२४ जून

पाऊस नैर्ऋत्येकडून, थेट दाराच्या भिंतीवर. दोन ठिकाणी गळती. गोल खिडकीच्या खालच्या दगडाला बाहेरचा उतार नव्हता: दगड काढून उताराने बसवला, खालच्या अंगाला पाणी तुटण्यासाठी खाच. दुसरी गळती त्रिकोणी भिंतीच्या कडेला, जिथे वारा कौलाखालून पाणी ढकलतो. तिथे कौले भिंतीच्या फक्त दोन इंच बाहेर होती. सहा इंचांपर्यंत वाढवून खाली फळी ठोकली. छपराच्या मधल्या भागात थेंब नाही. काचेच्या पट्ट्या शाबूत.

विक्रीची पाटी मे महिन्यातच लावा, असा आग्रह दलालांचा होता. लावली नाही. चुन्याच्या जुन्या भिंतीचे घर पावसाआधी दाखवणे म्हणजे घेणाऱ्याला अर्धीच माहिती देणे.

१४ ऑक्टोबर

पश्चिमेचा गिलावा पुरा. विक्री सुरू.

भूखंड ५०० चौ. मीटरच्या आत आणि घर एकच, त्यामुळे महारेरा नोंदणी लागली नाही. अडचण बँकांची. मूल्यांकनाला येणाऱ्याचा पहिला प्रश्न 'इमारतीचे आयुष्य किती उरले'. महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ खाली तीस वर्षांवरील इमारतीला लागते ती संरचनात्मक तपासणी आधीच करून ठेवली होती, तो दाखला, वापरबदलाची मंजुरी आणि धर्मादाय आयुक्तांचा आदेश हे तिन्ही एकत्र दिल्यावर फाइल हलली. मालमत्ता कराचीही खबर घ्यावी: उपासनेच्या इमारतीला सर्वसाधारण कराची सूट असते, ती वापर बदलताच जाते, आणि ते घेणाऱ्याला आधी सांगितलेले बरे. मुद्रांक शुल्क ठाण्यात सात टक्के, खरेदी बाईच्या नावावर असेल तर सहा.

घेणाऱ्याच्या फाइलमध्ये कागदांबरोबर एक पान देखभालीचे: मे महिन्यात पन्हळी आणि चर साफ, बाहेरची जमीन जोत्याच्या वर चढू द्यायची नाही, भिंतींना चुन्याशिवाय दुसरा रंग नाही, तुळईंच्या टोकांभोवतीची मोकळी जागा भरायची नाही. जुन्या साच्याची साठ आणि नव्याची चाळीस जादा कौले मागच्या भिंतीशी उभी रचून ठेवली आहेत, दोन्ही गठ्ठ्यांवर कोणत्या पाखीची ते रंगाने लिहून.